उलटी एका ओपीडीत, जखमा दुसऱ्या ओपीडीत: बुलिमिया आणि बॉर्डरलाइन एकत्र असलेल्या एका बाईच्या उपचारांचं प्रकरण

बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी काढण्याचा आजार, आणि बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (पुढे बीपीडी म्हणते), म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाण्याचा आजार, हे दोन्ही एकाच बाईला असणं अजिबात विरळा नाही. बीपीडीसाठी अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटचे जे मोठे अभ्यास झालेत त्यात निम्म्याच्या आसपास जणांना कुठली ना कुठली इटिंग डिसऑर्डर सापडली आहे. तरी उपचारांची सोय मात्र बहुतेक ठिकाणी अशी असते की खाण्याचा आजार एका टीमकडे आणि भावनांचा, स्वतःला इजा करण्याचा, आत्महत्येच्या विचारांचा आजार दुसऱ्या टीमकडे, आणि दोन्ही टीम आपापल्या जागी प्रामाणिकपणे काम करत असतात पण बाई एकच असते. या प्रकरणातली बाई याच फटीत काही वर्षं अडकून होती.

आधी दोन गोष्टी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि दोन-तीन जणींचे अनुभव एकीत घेतलेत, नाव देत नाही, "ती" एवढंच. दुसरं, वजनाचे आणि कॅलरीचे आकडे, उलटी कशी काढायची किंवा इजा कशाने करायची यातलं काहीही इथे नाही आणि ते मुद्दाम नाही, कारण हा आजार असलेल्या मुली असे आकडे वाचतात आणि लगेच स्वतःला त्यांच्याशी तोलायला लागतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुठल्याही लेखात आकडा दिसला की मला राग येतो.

मी थेरपिस्ट आहे. आमच्या टीमकडे आली तेव्हा ती २६ वर्षांची होती. दिवसभर जवळजवळ काही खायचं नाही, संध्याकाळी घरी एकटी असली की थांबताच येणार नाही असं खायचं, मग उलटी काढायची, आठवड्यातले बहुतेक दिवस हेच. वजन "नॉर्मल" रेंजमध्ये, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच कळायचं नाही. गालांच्या मागच्या बाजूला सूज होती, दातांचं एनॅमल मागून झिजलेलं होतं, रक्तात पोटॅशियम कमी होतं, हे सगळं वारंवार उलट्यांमुळे होतं आणि पोटॅशियम कमी झालं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून हा आजार दिसतो त्यापेक्षा धोकादायक असतो. हातांवर जुन्या-नव्या खुणा. एकदा जीव द्यायचा प्रयत्न. दोन नोकऱ्या अचानक सोडलेल्या, मैत्रिणींशी टोकाची जवळीक मग टोकाचं भांडण, आणि सगळ्यात जास्त ज्याबद्दल ती बोलायची ते म्हणजे आत काहीच नसल्यासारखं वाटणं. "राग आला तर बरं वाटतं मॅडम, निदान काहीतरी असतं" असं ती म्हणायची.

मागची हकीकत थोडक्यात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी अंगावरून कुणीतरी बोललं, तिने खाणं कमी केलं, वजन उतरलं आणि सगळ्यांनी कौतुक केलं. घरात वडिलांचा राग मोठा, आई स्वतःच घाबरलेली, त्यामुळे मुलगी रडली की "यात रडण्यासारखं काय झालं" एवढंच उत्तर. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायची स्किल्स शिकवणारी) ही थेरपी ज्यांनी उभी केली त्या मार्शा लिनेहान यांची मांडणी अशी आहे की जन्मतःच भावना लवकर आणि जोरात पेटणारं मूल आणि त्याच्या भावना सतत नाकारणारं वातावरण, हे दोन्ही वर्षानुवर्षं एकमेकांवर आदळत राहिलं की असा पॅटर्न तयार होतो. यात आईला गुन्हेगार ठरवायचं काही कारण नाही, त्या आईने पुढे उपचारात जेवढी साथ दिली तेवढी कमी जण देतात. सतराव्या वर्षी उपास टिकेना, बिंज, म्हणजे थांबताच न येणारं खाणं, सुरू झालं, मग उलटी, मग एका रात्री उलटीनेही शांत वाटेना तेव्हा पहिल्यांदा हाताला इजा.

हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या उपचारांची गाडी इथेच अडत राहिली. तिच्यासाठी बिंज, उलटी आणि इजा हे तीन वेगळे आजार नव्हतेच, एकाच कामासाठी हाताशी असलेल्या तीन गोष्टी होत्या, आणि ते काम म्हणजे सहन न होणारी भावना पुढच्या दहा मिनिटांत बंद करणं.

पहिला उपचार इटिंग डिसऑर्डरच्या अ‍ॅडमिशनचा. ठरलेल्या वेळी जेवण, जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत, बाथरूमला एकटं जायचं नाही, आठवड्याला वजन. यातलं काहीच चुकीचं नव्हतं, खरं तर नियमित खाण्यानेच बिंज तुटायला सुरुवात होते आणि तिचंही तसंच झालं, उलट्या काही आठवड्यांत जवळजवळ थांबल्या. पण उलट्या थांबल्या तशा इजा वाढल्या. आधी महिन्यात एखाद्या वेळी व्हायची ती आठवड्यात अनेकदा व्हायला लागली. तिथे दाखल होताना एका कागदावर सही घेतलेली होती की वॉर्डात स्वतःला इजा केली तर डिस्चार्ज मिळेल, आणि तो मिळाला. ती जेवत होती, उलट्या थांबल्या होत्या, आणि तिला घरी पाठवलं गेलं कारण खाण्यातून जे दाबलं जात होतं ते दुसरीकडून बाहेर आलं. वॉर्डातल्या इतर पेशंटना त्रास होतो, एकीचं बघून दुसरी करते, ही टीमची अडचण खरी असते, मी ती नाकारत नाही, पण आजाराचं लक्षण दिसलं म्हणून उपचार बंद करायचे हा नियम मला कधीच पटलेला नाही. तिला त्यातून एवढंच समजलं की "बरी होत होते म्हणून हाकललं."

तिथल्याच डिस्चार्ज पेपरवर तिने पहिल्यांदा बीपीडी हा शब्द वाचला. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, फोटो काढून तिने रात्री सर्च केलं आणि जे समोर आलं त्यात अर्धं असं की अशा लोकांपासून लांब राहा. डायग्नोसिस कागदावरून कळणं हा अनुभव मी बऱ्याच जणींकडून ऐकलाय आणि प्रत्येकीला ती रात्र आठवते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात बीपीडीचे ९ निकष आहेत, त्यातले किमान ५ बसावे लागतात, आणि त्यातला एक निकष उतावीळ, घातक वागण्याचा आहे ज्याच्या उदाहरणांमध्ये बिंज इटिंग स्वतःच आहे. म्हणजे एकच वागणं दोन्हीकडे मोजलं जाऊ शकतं. वर उपाशी मेंदूचा प्रश्न. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, मनानेही धडधाकट तरुणांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती मुलं चिडचिडी झाली, उदास झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, आणि एकाने स्वतःच्या हाताला गंभीर इजा करून घेतली, ती मुद्दाम होती की अपघात हे त्याला स्वतःलाही ठामपणे सांगता आलं नाही. आधी कसलाही मानसिक आजार नसलेल्या पुरुषांचं हे झालं, तर दहा वर्षं उपाशी-बिंज-उलटी या चक्रात असलेल्या मुलीच्या मूडवरून तिची पर्सनॅलिटी ठरवताना जरा हात आखडता घ्यायला नको का. बीपीडी नव्हतंच असं मी म्हणत नाही, होतं. पण त्यातलं किती तिचं आणि किती उपासमारीचं हे तिला खायला घालून काही महिने थांबल्याशिवाय कळत नाही.

दुसरा उपचार डीबीटीच्या ग्रुपचा, दुसऱ्याच ठिकाणी. इथे लोक चांगले होते, ती अजूनही त्यांच्याबद्दल चांगलंच बोलते. "पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तुला जे वाटतंय त्याला कारण आहे." इजा कमी झाल्या. पण या टीमने खाण्याबद्दल जवळजवळ विचारलंच नाही, इनटेक फॉर्मवर एक चौकोन होता त्यावर टिक झाली आणि विषय संपला, त्यांच्या मते तो स्पेशालिस्टचा विषय. मग इजा कमी झाल्या तशा उलट्या परत दिवसातून कितीतरी वेळा. ग्रुपमध्ये तिचं कौतुक होत होतं, रोजच्या नोंदींच्या डायरी कार्डवर इजेच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, आणि उलटीचा रकानाच नव्हता.

याच काळात दोन गोष्टी घडल्या ज्या न विचारल्यामुळे घडल्या. डीबीटीत तीव्र भावना खाली आणायला चेहरा थंड पाण्यात धरायचं एक स्किल आहे, त्याने ठोके एकदम मंदावतात आणि अंग शांत होतं, खूप उपयोगी स्किल आहे. पण ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा खाण्याच्या आजारामुळे ठोके आणि क्षार आधीच बिघडलेले असू शकतात त्यांनी हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करायचं नसतं. तिचं पोटॅशियम कुणी तपासलेलंच नव्हतं. ती घरी हे करताना चक्कर येऊन पडली, नशिबाने फार लागलं नाही. त्याच स्किलच्या जोडीला सांगितलेला जोरात व्यायाम, तोही ती शिक्षा म्हणून तासन्‌तास करायला लागली आणि कार्डवर "स्किल वापरलं" असं लिहायची, आणि खोटं नव्हतं ते. दुसरी गोष्ट औषधाची. उदासीसाठी बुप्रोपिऑन सुरू झालं. बुलिमिया किंवा अ‍ॅनोरेक्सिया असेल तर हे औषध द्यायचं नसतं कारण फिट येण्याचा धोका वाढतो, हे माहितीपत्रकावर स्पष्ट लिहिलेलं असतं, पण लिहून देणाऱ्याला उलट्यांचं माहीत नव्हतं आणि तिला सांगायची लाज वाटली. मेडिकलवाल्याने सहज विचारलं म्हणून ते थांबलं. आधी एक भूक वाढवणारं अँटिसायकॉटिक पण झालं होतं, वजन वाढायला लागल्यावर तिने ते न सांगता सोडलं आणि फाइलमध्ये नोंद झाली की औषधं घेत नाही.

चक्कर आल्यावर टीम घाबरली आणि म्हणाली आधी खाण्याचं बघून या, मग ग्रुपमध्ये घेऊ. खाण्याचं बघणारे म्हणाले आधी इजा थांबू दे, मग घेऊ. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते या मुलीच्या बाबतीत शब्दशः खरं झालं. साधारण वर्षभर ती कुणाचीच पेशंट नव्हती. या वर्षभरात इमर्जन्सीत जाणं तेवढं वाढलं. एकदा टाके घालताना तिला ऐकू येईल असं कुणीतरी म्हणालं की स्वतःच केलंय तर आता ओरडायचं कशाला. "मॅनिप्युलेटिव्ह", "अटेन्शनसाठी करते" हे फाइलमध्ये याच काळात आलं आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरने तिला भेटायच्या आधी ते वाचलं. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये लुइस आणि अ‍ॅपलबी यांनी सायकिअ‍ॅट्रिस्टना पेशंटची लेखी वर्णनं वाचायला दिली होती, वर्णन तेच, फक्त काहींमध्ये "आधी पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झालंय" एवढी भर, आणि तेवढ्यानेच तो पेशंट डॉक्टरांना जास्त कटकटीचा आणि मदतीला कमी लायक वाटला. त्याला इतकी वर्षं झाली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००९ च्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की बीपीडीच्या निदानामुळे किंवा इजा केल्यामुळे कुणाला सेवेतून वगळू नये, आणि बीपीडीसाठी म्हणून औषधं देत बसू नये. लिहिलंय खरं.

आता तिसरा उपचार, ज्यात मी होते. आम्ही चौघं, एक फिजिशियन, एक सायकिअ‍ॅट्रिस्ट, एक डायटिशियन आणि थेरपिस्ट म्हणून मी. काही नवीन शोध लावला नाही, दोन्हीकडचं जे आधीच माहीत होतं ते एका टेबलावर आणलं. बुलिमियासाठी डीबीटी वापरून बघितलेली आहे, २००१ मध्ये सेफर, टेल्च आणि अ‍ॅग्रास यांचा २० आठवड्यांचा प्रयोग छापून आला होता आणि त्यात बिंज-उलटी चांगली कमी झाली. फेअरबर्न यांची सीबीटी-ई, म्हणजे खाण्याच्या आजारांसाठी आखलेली विचार आणि वागणं बदलणारी थेरपी, आहे, तिच्या विस्तारित रूपात भावना सहन न होण्यावर वेगळं काम असतं. म्हणजे साहित्य होतं, एकत्र वापरायची तयारी हवी होती.

पहिले काही आठवडे शरीर. पोटॅशियम, ईसीजी, आठवड्याला रक्त. फ्लुओक्सेटिन बुलिमियासाठी साधारण ६० मिलिग्रॅमला काम करतं, डिप्रेशनच्या नेहमीच्या २० पेक्षा बरंच वर, आधी तिला कुणीतरी २० देऊन "उपयोग झाला नाही" म्हणून बंद केलं होतं, ते सायकिअ‍ॅट्रिस्टनी हळूहळू वाढवलं. बाकीच्या तीन गोळ्या एकेक करून कमी केल्या. दिवसाला तीन जेवणं आणि मधली खाणी, तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही. तिला वाटत होतं यात थेरपी कुठाय.

त्याच आठवड्यांत मी तिच्यासोबत बसून ९ निकष वाचले, तिला स्वतःलाच मार्क करायला दिले. ती रडली, पण वाईट वाटून नाही, म्हणाली "हे मी आहे हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय म्हणजे अशा बऱ्याच जणी असणार." तिच्या हिशोबाने सात बसत होते. आम्ही ठरवलं की काही महिने नीट खाऊन झाल्यावर परत बघायचं.

डायरी कार्ड आम्ही नवीन केलं. एकाच पानावर खाणं, बिंज, उलटी, इजा, मरायचे विचार, झोप, भावना आणि वापरलेली स्किल्स. ऐकायला किरकोळ वाटेल पण तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात तिने स्वतः बोट ठेवून दाखवलं की ज्या दिवशी उलटी नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी इजेची इच्छा दुप्पट. आधीच्या दोन्ही ठिकाणी ही माहिती अर्धी-अर्धी होती त्यामुळे कुणालाच दिसली नाही. यावरून पुढचा सगळा प्लॅन ठरला, की एक लक्षण कमी होतंय म्हणून लगेच खूश व्हायचं नाही, ते काम आता कोण करतंय ते विचारायचं, आणि उलटी कमी करायच्या आधीच त्या भावनेसाठी दुसरं काहीतरी हातात द्यायचं.

डीबीटीत काय आधी हाताळायचं याचा क्रम असतो, जीवाला धोका असलेलं पहिलं, उपचारात अडथळा आणणारं दुसरं, आयुष्य बिघडवणारं तिसरं. उलटी यात कुठे बसते? आम्ही ठरवलं की ती जागा बदलते. पोटॅशियम घसरलं की उलटी पहिल्या नंबरवर, इजेच्या बरोबरीने. रक्त द्यायला टाळाटाळ केली किंवा इतकी उपाशी आली की सेशनमध्ये दोन वाक्यं लक्षात राहत नाहीत तर दुसऱ्यावर. नाहीतर तिसऱ्यावर. हे तिच्यासमोर लिहून ठेवलं म्हणजे मी मूडप्रमाणे कडक होतेय असं तिला वाटायला नको.

एक चेन अ‍ॅनालिसिस (घडलेल्या गोष्टीमागची साखळी मागे मागे जाऊन शोधणं) जरा सविस्तर सांगते, कारण काम खरं तिथे झालं. गुरुवारी रात्री बिंज, उलटी, मग इजा. तिच्या मते कारण एकच, मैत्रिणीने मेसेज बघितला आणि उत्तर दिलं नाही. आम्ही मागे मागे गेलो. मेसेज संध्याकाळी सातचा. त्याआधी? ऑफिसमध्ये एक मीटिंग, त्यात कुणी काही बोललं नाही पण तिला वाटलं सगळे कंटाळलेत. त्याआधी? दुपारचं जेवण टाळलेलं, कारण सकाळी पँट घट्ट वाटली. त्याआधी? रात्री झोप तीन तास. म्हणजे सातला मेसेज गेला तेव्हा ती बारा तास उपाशी आणि न झोपलेली होती. उत्तर न आल्यावर आलेला विचार "ती मला सोडतेय", छातीत धडधड, एकामागोमाग एक बरेच मेसेज, मैत्रीण वैतागली, "बघ, सोडतेच आहे", किचन, बिंज, बिंजची लाज, उलटी, अर्धा तास शांत, मग उलटीची लाज, मग इजा. लाज दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा आली तेव्हा उलटी वापरून झालेली होती.

मी दुपारच्या जेवणावर गोल केला तेव्हा ती भडकली. "म्हणजे मला जे वाटलं ते खोटं? पोट रिकामं होतं म्हणून वाटलं?" आणि तिचा मुद्दा बरोबर होता. उपासमारीचं विज्ञान सांगतानाही "यात रडण्यासारखं काय झालं" हेच वाक्य नव्या कपड्यात येऊ शकतं. मी तिला म्हटलं, मैत्रीण तुटण्याची भीती खरी आहे, तुझ्या आयुष्यात माणसं खरंच तुटलीत, जेवलेली असतीस तरी भीती वाटलीच असती, फक्त ती भीती घेऊन रात्र काढायला अंगात बळ असतं. त्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग दुपारच्या जेवणाचा अलार्म लावू का असं तिनेच विचारलं. पुढच्या वेळी मेसेज एकच करायचा, तो कसा, हे आम्ही शब्दन्‌शब्द लिहून काढलं. लाजेसाठी, बिंज झालं तरी उलटीच्या आधी आईला बाहेरच्या खोलीत येऊन बसायला सांगायचं, कारण तिची लाज एकटेपणीच वाढायची.

फोन कोचिंगचा, म्हणजे सेशनच्या मधल्या वेळात मदतीसाठी थेरपिस्टला फोन करण्याचा, नियमही बदलावा लागला. डीबीटीत इजा केल्यानंतर २४ तास थेरपिस्टला फोन करायचा नसतो, फोन करायचा तो आधी, म्हणजे इजेला फोनचं बक्षीस मिळत नाही. पण बिंज-उलटी रोजच होत असेल तर या नियमाने बाई कधीच फोन करू शकणार नाही. म्हणून खाण्याच्या बाबतीत नियम असा की पुढचं ठरलेलं जेवण किंवा खाणं घेतलं की फोनचा हक्क परत. हा नियम तिला फार आवडला, कारण एक चूक झाली की सगळा दिवस गेला या तिच्या हिशोबाला तो सरळ छेद देत होता. थंड पाण्याचं स्किल फिजिशियननी ईसीजी बघून हो म्हटल्यावरच, बर्फ चेहऱ्यावर न लावता हातात धरण्यापासून सुरू केलं, आणि व्यायामाचा भाग पूर्ण काढून टाकला.

सरळ रेषेत काही झालं नाही. पाचव्या महिन्यात तिने डायटिशियनला सांगितलं की थेरपिस्ट म्हणाल्या मधलं खाणं सोडलं तरी चालेल, मी तसं म्हटलं नव्हतं. पूर्वी अशा वेळी फाइलमध्ये "स्टाफमध्ये फूट पाडते" असं लिहिलं गेलं असतं. आमची आठवड्याची टीम मीटिंग यासाठीच होती, तिथे कळलं की मी आणि डायटिशियन खरंच थोडं वेगवेगळं बोलत होतो आणि जिच्या घरात मोठी माणसं कधीच एका सुरात बोलली नाहीत ती मुलगी सोयीचं तेवढं उचलणारच. मग एका पानाचा प्लॅन झाला, पाचही जणांकडे तीच कॉपी, पाचवी ती. त्यानंतर वजनावरून मोठं भांडण झालं, तिला आकडा बघायचा नव्हता, आम्हाला वाटत होतं न बघितल्याने आकड्याची ताकद वाढते. तीन आठवडे पाठ फिरवून वजन, मग सेशनमध्येच बघायचं आणि त्यावर लगेच बोलायचं, असं ठरलं. पहिल्यांदा बघितलं त्या रात्री उलटी झाली. दुसऱ्यांदा नाही.

आठव्या महिन्यात ती दोन आठवडे आलीच नाही. दोन्ही आजार एकत्र असलेल्यांमध्ये मधेच सोडून जाणं फार असतं, याच गटासाठी मेंटलायझेशनवर (स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते समजून घेण्यावर) आधारित थेरपीचा एक चांगला आखलेला प्रयोग ब्रिटनमध्ये झाला, त्यातही गळती इतकी की निष्कर्षच कच्चे राहिले. आम्ही डिस्चार्ज केलं नाही, फोन केले, आणि परत आल्यावर "का आली नाहीस" याचीच चेन केली. मी रजेवर जाणार हे तिने ऐकलं होतं, तर माझ्या आधी तीच निघून गेली.

नीट खायला लागून सात-आठ महिने झाल्यावर निकष परत वाचले. सातचे पाच झाले होते. रागाचे झटके आणि मूडचे दिवसातले हेलकावे बरेच उतरले होते, आतलं रिकामपण आणि सोडून जाण्याची भीती मात्र जवळपास तशीच. मला या पानाचं फार महत्त्व वाटतं, कारण उपचारांचा पुढचा भाग काय असावा हे त्यानेच सांगितलं: आता नाती, एकटेपण, मी कोण हा प्रश्न.

कशाचा उपयोग झाला असं मी तिला शेवटी विचारलं तेव्हा तिने स्किल्सचं नाव दुसऱ्या नंबरवर घेतलं. पहिलं, "एकाच ठिकाणी सगळं सांगता आलं, काय लपवायचं हे लक्षात ठेवावं लागलं नाही." आणि कशाने त्रास झाला, तर आमच्याकडेही सुरुवातीला आठवड्याला रक्त काढणं तिला शिक्षेसारखं वाटायचं, वेटिंग रूममध्ये तिच्यापेक्षा बारीक मुली बसलेल्या असायच्या ते सहन व्हायचं नाही, आणि "नॉर्मल वजन आहे म्हणजे बरी आहेस" हे फिजिशियनच्या असिस्टंटचं एक वाक्य तिला दोन वर्षांनीही शब्दशः पाठ आहे. आईबरोबरच्या सेशन तिला नको होत्या पण त्यांनीच घर राहण्यासारखं झालं असं तिचं म्हणणं.

असा पेशंट पाठवताना किंवा स्वतःसाठी जागा शोधताना मी तरी तीन गोष्टी आधीच विचारायला सांगते. इजा झाली तर तुम्ही काय करता, डिस्चार्ज का प्लॅन बदलता? रक्त आणि ईसीजी कोण बघतं आणि ते थेरपिस्टला कळतं का? आणि खाणं आणि इजा एकाच कागदावर लिहिलं जातं का? उत्तरं गोलमोल आली तर त्या दोन टीमना निदान एकमेकांचा फोन नंबर द्या आणि पेशंटच्या परवानगीने महिन्यातून एकदा बोलायला लावा, वेगळी युनिट नसली तरी एवढं करता येतं. आणि लांबचा हिशोब निराशेचा नाही हेही तिला सांगा, अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी बीपीडीच्या पेशंटना दहा-दहा वर्षं आणि पुढेही फॉलो केलं, त्यात दहा वर्षांत बहुतेकांची लक्षणं निकषांच्या खाली येऊन किमान दोन वर्षं तशीच टिकली. नोकरी-नाती पूर्वपदावर येणं त्यापेक्षा हळू आणि कमी जणांना जमतं. दोन्ही वाक्यं सांगा, एकच नको.

सध्या ती नोकरीत आहे, तिसऱ्या, आणि ही टिकलीय. इजा होऊन दीड वर्ष झालं. उलटी त्या मानाने उशिरा गेली, शेवटची होऊन सात महिने झालेत, बिंज अजून कधीतरी होतं पण त्यानंतर ती पुढचं जेवण घेते. फ्लुओक्सेटिन चालू आहे, दातांचं काम चालू आहे, भेट महिन्याला एक. एक पानाचा प्लॅन आता तिच्या हातचा आहे आणि त्यात सगळ्यात वर उलटी किंवा इजा लिहिलेली नाही, दुपारचं जेवण सलग दोन दिवस सुटलं तर फोन करायचा हे लिहिलंय. आतापर्यंत तिने तो फोन दोनदा केलाय.